पळसाची पाने मोजताना

कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, ही म्हण बाहेरगावच्या सामन्याला लावून पाहिली की अडखळते. मुळात ती घरी बसलेल्याची आहे की फिरून आलेल्याची, हेच ठरत नाही. घरी बसलेल्याने म्हटली तर तिला पुरावा नाही, कारण त्याने एकच पळस पाहिला. फिरून आलेल्याने म्हटली तर तो गावोगाव थांबून पाने मोजत होता असे मानावे लागते, आणि सगळीकडे सारखेच असते असे ज्याचे मत झाले तो दुसऱ्या गावी मोजायला थांबेल कशाला? तरी म्हण टिकली. निघणाऱ्याला थोपवायला नाहीतर परतलेल्याचा उत्साह मोडायला ती कामी येत असावी. आपल्या संघामागून परगावी जाणाऱ्या फुटबॉलवेड्याचे मात्र तिच्याशी जमत नाही. नियम तेच, चेंडू तसाच, दोन्हीकडे माणसे अकराच. म्हणजे पाने खरोखर तीनच. पण पन्नास वर्षांनी त्याच्याकडे आठवणी काढायला बसावे, तर गोल कोणी केला हे तो चाचपडत सांगतो, आणि चुकलेली गाडी, स्टेशनाबाहेरचा चहा, अनोळखी गल्लीतून घोळक्याने चालताना खिडक्यांतून रोखलेल्या नजरा हे सगळे न विचारता सांगतो. सामना नव्वद मिनिटांचा आणि प्रवास दिवसभराचा. आठवणींची वाटणी वेळेच्या हिशेबाने होत असेल तर नवल नाही.

मला खटकते ते पुढचे. अशा आठवणींना लागणारे सगळे सामान ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात होते, तरी आपल्या बोलण्यालिहिण्यात त्यांचा साठा जवळपास दिसत नाही. गाडी तर देशात इतर कोणाच्याही आधी आली. बोरीबंदरहून ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी आणि कल्याणला पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी. फुटबॉलचे नियम ठरवणारी संघटना लंडनमध्ये स्थापन झाली १८६३ साली, म्हणजे कल्याणला गाडी लागत होती तेव्हा या खेळाला अजून सर्वमान्य नियमही नव्हते. मुंबईत फुटबॉलचा रोव्हर्स कप १८९१ पासून सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालला. त्याचे सामने होत ते कूपरेजचे मैदान शहराच्या दक्षिण टोकाला, डोंबिवली तिथून पन्नासेक किलोमीटरवर. इंग्लंडमधल्या कित्येक शेजारी गावांच्या सामन्यांना यापेक्षा कमी प्रवास पडतो. गाडी होती, मैदान होते, अंतर होते, पावसाचीही वाण नव्हती. मग कमी काय पडले?

मला सुचणारे उत्तर असे की बाहेरचा सामना व्हायला आधी घरचा संघ लागतो, आणि तो या पट्ट्याला मिळाला नाही. मुंबईच्या फुटबॉलमध्ये मोठे संघ गावांचे नव्हते, आस्थापनांचे होते: टाटा, मफतलाल, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे. १९५८ चा रोव्हर्स कप जिंकणारा कॅल्टेक्स तर तेल विकणाऱ्या कंपनीचा संघ. कंपनीला गाव नसते, पत्ता असतो. शिवाय स्पर्धेची घडणच अशी की हैदराबादचे, कलकत्त्याचे संघ इथे येणार, महिनाभर सामने होणार आणि कप कोणीतरी घेऊन जाणार. हैदराबाद सिटी पोलिसांनी तो १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे नेला. एकदा त्यांच्या गावी, एकदा आपल्या गावी ही पद्धत देशपातळीवर रुळली ती १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाल्यानंतर. तोवर प्रवास संघाने करायचा, प्रेक्षकाने नव्हे. डोंबिवलीचा कारकून कूपरेजला गेला तरी तो परगावी गेला असे कसे म्हणावे? तो सकाळीच तिथे आलेला असे. ऑफिस सुटल्यावर उलट दिशेला दहा-पंधरा मिनिटे चालायचे, एवढाच त्या दिवसाचा वेगळेपणा. परतीची लोकल रोजची, पास रोजचा, पारसिकचा बोगदा रोजचा. रोज ज्या वाटेने जायचे तिची आठवण राहत नाही, फार तर सवय राहते. रेल्वेच्या भाषेनेही निकाल आधीच लावून ठेवलेला आहे. मुंबईकडे जाणारी गाडी अप आणि घरी आणणारी डाऊन. वेळापत्रकाच्या लेखी घर कुठे आहे हे त्यात स्पष्ट दिसते, आणि ते कल्याणला नाही.

यावर पहिला आक्षेप खाडीकाठच्या आणि मलंगगडाच्या पायथ्याच्या गावांतून येईल, आणि तो खरा आहे. इथल्या आगरी-कोळी गावांत टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत. संघाला नाव गावाचे किंवा गावदेवीचे, टेम्पोत कोंबून दुसऱ्या गावी जाणे, तिथल्या पंचांविषयी निघण्यापूर्वीच शंका घेणे, हरल्यावर खेळपट्टीला दोष देणे; बाहेरच्या सामन्याला याहून आणखी काय हवे? हा आक्षेप मी मान्य करतो, पण तो माझ्या म्हणण्याला पुष्टीच देतो असे वाटते. ज्यांचे गाव गावच राहिले त्यांना परगाव मिळाले. चाळी आणि सोसायट्यांतून येऊन वसलेल्यांना ते मिळाले नाही. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. आठवणी नाहीत कशावरून? कदाचित त्या मराठीत नसतील. मुंबईच्या फुटबॉलचा प्रेक्षक मोठ्या प्रमाणावर कोकणी, उर्दू, इंग्रजी बोलणारा होता, आणि मराठी खेळलेखनाने आपली शाई बहुतांशी क्रिकेटला दिली. धोबीतलावच्या गोवेकरांच्या कुडी पाहाव्यात. एकेका गावाच्या नावाने एकेक जागा, बोटीवर चढण्याआधी किंवा नोकरी मिळेपर्यंत त्या गावच्या माणसाने पेटी ठेवायची ती तिथे. ही माणसे घरापासून दूर होती, आणि म्हणूनच त्यांनी गावाचे नाव दारावर लावले. गोव्याचा संघ कूपरेजवर उतरला की तो परमुलखात होता, पण त्याच्यासाठी ओरडणारे पायी येऊ शकत होते. इथे माझे उत्तर डळमळू लागते. आधी घर आणि मग बाहेर, असा क्रम मी धरला होता. कुडीत तो उलटा दिसतो.

कान्हेरीच्या लेण्यांत हा उलटा क्रम त्याहूनही जुना आहे. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी आपण कल्याणचे असल्याचे कोरून ठेवले आहे. सातवाहन काळातले हे व्यापारी, कारागीर, गृहस्थ. कल्याणात राहताना कोणी स्वतःला कल्याणचा म्हणवून घेत नसणार, तशी गरजच नसते. डोंगर ओलांडून, दुसऱ्याच्या दगडावर लिहायची वेळ आली तेव्हा गावाचे नाव लागले. म्हणजे गाव कळते ते बाहेर पडल्यावर, असे म्हणावे, तर रोज बाहेर पडणाऱ्या डोंबिवलीकराइतके घर दुसऱ्या कोणालाच कळायला नको होते. तसे झालेले दिसत नाही. की झाले आहे, पण त्याला संघाचा आकार मिळाला नाही? लोकलच्या डब्यात ठरलेल्या गाडीची, ठरलेल्या दाराची भजनी मंडळे झालीच की. टाळ होते, मंडळ होते, पण समोर दुसरे मंडळ नव्हते. ईर्ष्येशिवाय भजन होते, सामना होत नाही.

त्यात अलीकडच्या दोन घटना माझा गोंधळ वाढवतात. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा मुंबई सिटीचे घरचे मैदान होते नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम. पहिला घरचा सामना १८ ऑक्टोबरला पुणे सिटीविरुद्ध झाला, आणि मुंबईने तो ५–० असा जिंकला. पण नेरूळ आहे ठाणे जिल्ह्यात. जिल्ह्याच्या सीमेवर बोट ठेवून हट्टाने वाचले तर त्या दिवशी दोन्ही संघ बाहेरचे होते आणि ठाणेकर, जो २००४ पासून सरळ लोकलने तिकडे जाऊ शकत होता, तो एकटाच घरी होता. दोन हंगामांनी संघ अंधेरीला गेला. ठाणेकराने त्याबद्दल हळहळ व्यक्त केल्याचे ऐकिवात नाही, कारण आपल्याकडे काही आले होते हेच बहुधा त्याला कळले नव्हते. दुसरी घटना २०२१ ची. करोनामुळे लीगचे सगळे सामने गोव्यात, रिकाम्या स्टँडसमोर खेळवले गेले. मुंबई सिटीने आपली पहिली दोन्ही मोठी विजेतेपदे, लीग शील्ड आणि मग १३ मार्चला फातोर्ड्याला अंतिम सामना, त्याच हंगामात मिळवली. गोव्याचा संघ सोडला तर सगळ्यांसाठी सगळे सामने बाहेरचे, आणि प्रवास कोणालाच नाही. विजय झाला, तो नोंदवला गेला, पण स्टेशनाबाहेरच्या चहाची एकही आठवण त्यातून निघणार नाही.

पळसाकडे परत यायला हवे, कारण म्हणीतली मोजणी मुळातच वादग्रस्त आहे. वनस्पतिशास्त्र सांगते की पळसाला एका देठावर तीन पाने नसतात. ते एकच संयुक्त पान असते, तीन पर्णिकांचे. पत्रावळ लावणाऱ्या बाईला हा भेद कामाचा नाही, ती पाने सुटी करून चोयांनी टाचते. तिच्या हिशेबात तीन, शास्त्राच्या हिशेबात एक. कर्जतच्या पुढे खोपोलीच्या फाट्यावर पळसदरी नावाचे स्टेशन आहे. फाल्गुनात त्या बाजूचे डोंगर पेटल्यासारखे दिसतात तेव्हा पाने मोजायची सोयच नसते, कारण फुले येतात तेव्हा झाड बहुतेक निष्पर्ण असते. म्हणीने वर्षातला हा महिना वगळला आहे. इतिहासाने ज्या पळसांची दखल घेतली ते तर बंगालमध्ये आहेत. १७५७ ची लढाई झाली ती पलाशी, जिचे इंग्रजांनी प्लासी केले, तिचे नाव याच झाडावरून आलेले. आणि त्याच बंगालमध्ये २९ जुलै १९११ रोजी बहुतांश अनवाणी खेळणाऱ्या मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा वर्धमानहून खास गाडी सोडावी लागली होती. मैदानाजवळ न पोहोचलेल्यांना गोल कळावेत म्हणून पतंग उडवले गेले, असे सांगतात.

त्या गाडीतल्या माणसापुढे माझे उत्तर पुरतेच थांबते. वर्धमान कलकत्त्यापासून शंभरेक किलोमीटरवर, म्हणजे डोंबिवली ते कूपरेजच्या दुप्पट. संघ त्याच्या गावचा नव्हता. तरी तो बाहेरचा सामना पाहायला निघाला होता असे म्हणवत नाही, आणि घरचा म्हणावे तर दिवसभराचा प्रवास आड येतो. समोर गोऱ्यांची पलटण होती म्हणून सगळा प्रांतच घर झाला, हे स्पष्टीकरण सोपे आहे. पण मग प्रतिस्पर्ध्यानेच घराचे कुंपण ठरवले असे होते, आणि रोज अप आणि डाऊन करणाऱ्याला प्रतिस्पर्धी नव्हता, म्हणून घरही नव्हते, असे म्हणावे लागते. हे मला पटत नाही, आणि खोडताही येत नाही. डोंबिवलीचा माणूस सकाळी मुंबईला जातो म्हणतो. गणपतीला कोकणात उतरल्यावर तोच मुंबईहून आलो म्हणतो, आणि गावातले त्याला मुंबईकर म्हणतात तेव्हा तो दुरुस्ती करत नाही. सावंतवाडीला जाणारी त्याची गाडी तर मुंबईहून सुटतही नाही, दिव्याहून सुटते.