मोहरीच्या कुळातलं तण आणि आपली केळी

तीर्थस्वरूप मामांस,


परवा फोनवर विचारलंत, "रावेरची पोर, धुळ्याला ॲग्री केलंस, मग केळी सोडून त्या मोहरीसारख्या तणाच्या मागं का लागलीस?" तुमच्या मागं वखारीत गाडी भरण्याचा गलका चालला होता, तेव्हा काही बोलले नाही. आता निवांत लिहिते.

आपल्या केळीला बी नाही. कंदावर लावा की टिश्यू कल्चरचं रोप आणा, बागेतली सगळी झाडं एका रक्ताची. कुठला जीन काय करतो हे शोधायचं तर मुद्दाम बिघडवलेलं झाड लागतं आणि त्याच्या पुढच्या पिढ्या बघाव्या लागतात. केळीत ते जमवायचं तर जन्म पुरायचा नाही. अरॅबिडॉप्सिस हे वीतभर तण मात्र दीड-दोन महिन्यांत बियांवर येतं. म्हणून सगळं जग त्याच्या मागं लागलं, त्यात मीही.

काम ऐकायला पोरखेळ वाटेल. अशा बिघडवलेल्या बिया काचेच्या बशीत पेरायच्या, अंधारात ठेवायच्या, वर इथिलीन वायू सोडायचा, तुम्ही केळी पिकवायच्या चेंबरमध्ये सोडता तोच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बशी उजेडात धरली की सगळी रोपं बुटकी, देठ जाड, शेंडा आकड्यासारखा वळलेला. हजारोंत एखादंच सरळ ताडमाड उभं असतं. ते बहिरं, इथिलीन त्याला ऐकूच जात नाही. ब्लीकर आणि केंडे यांच्या गटाने 1988 साली असं एक बहिरं रोप जगापुढे आणलं. 1993 मध्ये कॅरन चँग आणि मायरोविट्झ यांच्या गटाने त्यातला बिघडलेला जीन हुडकला. तो निघाला इथिलीन धरणाऱ्या प्रथिनाचा, म्हणजे रिसेप्टरचा; वनस्पतीच्या संप्रेरकाचा ओळखला गेलेला हा पहिला रिसेप्टर. इथिलीन धरायला त्याला तांबं लागतं, हेही पुढे कळलं.

खरी गंमत पुढे आहे. आपल्याला वाटतं, वायू आला आणि त्याने पेशीला 'पीक' म्हणून सांगितलं. तसं नाही. वायू नसताना रिसेप्टर चालू असतो आणि सीटीआर-1 नावाच्या प्रथिनाकरवी पिकण्याची वाट अडवून धरतो. इथिलीन चिकटलं की रिसेप्टर बंद पडतो आणि अडवणारं प्रथिन गप्प होतं. म्हणजे केळी पिकते ती रखवालदार उठून गेल्यामुळे! विद्यार्थ्यांना हे शिकवताना दरवर्षी निम्मा वर्ग गोंधळतो.

त्याच्या पुढची कडी ईआयएन-2. जीन 1999 मध्ये सापडला, पण प्रथिन नेमकं करतं काय, हे उमगायला 2012 उजाडलं. त्याची शेपटी तुटते आणि पेशीच्या केंद्रकात जाऊन निरोप देते. मधल्या काळात कितीतरी जणांच्या पीएचड्या या एका प्रथिनावर झिजल्या. माझी उमेदीची वर्षंही त्याच शेपटीच्या मागंपुढं गेली, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

केळीला याचा उपयोग काय, हे तुम्ही विचारणारच. आजोबा वखार बंद करून धूर करायचे. धुरात इथिलीन असतं हे त्यांना माहीत नव्हतं, तरी केळी पिकायची. तेव्हा पिकवणं काही आम्ही शिकवलेलं नाही. पण कार्बाइड का नको, हे आता नीट सांगता येतं. त्यातून निघणारं ॲसिटिलीन त्याच रिसेप्टरला धरतं, पण फार अशक्तपणे, म्हणून कितीतरी जास्त लागतं. वर आर्सेनिक आणि फॉस्फीनची घाण असू शकते ती वेगळीच. 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांत कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे. 2016 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, इथिलीनला 100 पीपीएमपर्यंत मोकळीक दिली.

रिसेप्टरच बुजवून टाकणारं 1-एमसीपी नावाचं रसायनही आता बाजारात आहे. निर्यातवाले त्याच्यावर खूश असतात. माझं मत विचाराल तर जपून वापरा. केळीत ते चुकीच्या वेळी दिलं तर एकाच फणीतली काही केळी पिवळी, काही हिरवी राहतात. दिल्लीचा व्यापारी त्याचे पैसे कापणारच.

आणि चेंबरमधला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायचा पंखा विजेचं बिल वाचवायला बंद ठेवता, असं मामी म्हणाल्या. तो वायू साचला की इथिलीनचं काम मंदावतं. 16 ते 18 अंश सांभाळून, गॅस सोडून वर पंखा बंद, याला अर्थ नाही. थंडीत चरका बसलेला माल वेगळा ठेवा. त्याच्या सालीला पिवळेपणा येत नाही, गॅस कितीही द्या.

मामींना नमस्कार. केळीच्या कांदेबागेची लागवड झाली का, ते कळवा.

तुमची भाची