महाडच्या बाजारात एक महिना

लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी मी महिनाभर महाडला राहिले. आपण महाडला जातो ते २० मार्चला. चवदार तळ्यावर जायचे, बाबासाहेबांना वंदन करायचे, पुस्तके घ्यायची आणि एस.टी.ने परत फिरायचे. रोजचे महाड मला ठाऊक नव्हते. या खेपेस हातात निळा झेंडा नव्हता, भाजीची पिशवी होती.

पण या गावात पिशवी घेऊन चालतानाही इतिहास आठवतोच. नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, तो कागदावरच राहिला. मार्च १९२७ च्या परिषदेसाठी आपल्या माणसांना ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. डिसेंबरच्या परिषदेच्या वेळी तर इथल्या व्यापाऱ्यांनी माल देण्याचेच नाकारले; शिधा बाहेरून आणावा लागला. म्हणूनच राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांची नावे वाचली की माझा ऊर भरून येतो. आज मिठापासून सुक्या बोंबलापर्यंत सारे मला मिळते. तो माझा हक्क आहे, कुणाचे उपकार नव्हेत.

बाळंतिणीसाठी मी रोज शेपू घेई. भाजीवाली माझ्याच वयाची. दुसऱ्याच दिवशी तिने विचारले, "मुलगा की मुलगी?" मुलगी म्हटल्यावर शेपूची एक जुडी जास्त घातली. मग गप्पा सुरू झाल्या. चौथ्या दिवशी मात्र तो प्रश्न आलाच. "बाय, तुमचं आडनाव काय?"

भगिनींनो, खोटे कशाला सांगू? क्षणभर जीभ अडखळली. नुसते गावाचे नाव सांगून वेळ मारून नेता आली असती. पण ज्या गावात बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, तिथे मी नाव चोरू? मी आडनाव सांगितले आणि म्हटले, "आम्ही बौद्ध. जयभीमवाले."

ती गप्प झाली. भाजी दिली, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशीही तेवढेच. लेक म्हणाली, "आई, दुसरीकडून घेत जा." मी म्हटले, "तिने भाजी नाकारलेली नाही. मी का वाट बदलू?" मी रोज तिथेच गेले. रोज तिच्या गुडघ्याची चौकशी केली.

एके दुपारी उन्हाने तिचा चेहरा उतरला होता. माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली तिला दिसली. "बाय, घोटभर पाणी हाय का?" मी बाटली पुढे केली. ती प्यायली, पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "पोर रात्री झोपते का गो?" मला चवदार तळे दोन पावलांवर आल्यासारखे वाटले.

सगळेच असे घडले, असे नाही. एका दुकानदाराने सुटे पैसे शेवटपर्यंत माझ्या हातावर ठेवले नाहीत, फळीवरच टाकले. मीही रोज "येते हं" म्हणूनच निघाले. त्याचे मन तो जाणे. माझी मैत्री मी का आखडती घेऊ?

३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात बाबासाहेबांनी बंधुतेला सर्वांत वरचे स्थान दिले. केवळ कायद्याने समता आणि स्वातंत्र्य टिकेल, अशी त्यांची समजूत नव्हती. दुकानाचे दार कायद्याने उघडले. आतल्या माणसाचे मन उघडायला दोन शब्द लागतात, आणि ते रोज बोलावे लागतात. पण नाव लपवून जोडलेली ओळख ही मैत्री नव्हे. ताठ मानेने आपले नाव सांगावे, आणि मग समोरच्याच्या गुडघ्याची चौकशी करावी.

निघताना भाजीवालीने नातीसाठी तिच्या परड्यातली दोन लिंबे दिली. पैसे घेतले नाहीत. मी त्या लिंबांचे लोणचे घातले आहे. येत्या २० मार्चला तिच्यासाठी बरणी घेऊन जाणार आहे.