ठेक्यावरची बोली

रॅप ही ठेक्यावर बोलण्याची कला असल्यामुळे तिचा कस गळ्यापेक्षा शब्दांच्या मांडणीत लागतो, आणि १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मलेल्या हिप-हॉपची ही शाखा मराठीत रुजताना मांडणीच तिची खरी अडचण ठरते. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते. त्यामुळे ‘करतो-मरतो’ अशी यमके फुकट मिळतात आणि चार ठोक्यांच्या आवर्तनाचा, म्हणजे रॅपर ज्याला ‘बार’ म्हणतात त्याचा, शेवट सर्वांत पुचाट शब्दाच्या वाट्याला जातो. जाणता रॅपर क्रियापद अलीकडे ओढून यमक नामावर ठेवतो आणि ओळीच्या पोटातही एखादे जुळवतो. ही रीत मराठीला परकी नाही: सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या मोठ्या अभंगात यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांतच पडते, आणि अभंगाच्या त्या परंपरेतली संत जनाबाई परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची.

कारागिरीइतकाच मोलाचा प्रश्न गाणे कोणाच्या तोंडून यावे हा आहे. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या गटाने, ज्यात एमसी मवाली मराठीतून रॅप करतो, २०१९ मध्ये आरे वसाहतीतील मेट्रो कारशेडच्या वादात ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे आणले, तेव्हा आरेतीलच आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांचा आवाज त्यात घेतला. ज्याचे जंगल जाणार, तोच गाण्यात उभा राहिला. त्या गाण्याचे खरे बळ तेच होय. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्री वृक्षतोड सुरू झाली आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. गाण्याने कुऱ्हाड अडत नाही. पण ती कोणाच्या दारात पडली, हे त्या गाण्यामुळे मुंबईबाहेरच्या तरुणांनाही कळले.

अमरावतीच्या सौरभ अभ्यंकर यांनी वऱ्हाडी वळणाची बोली रॅपमध्ये उभी केली आहे. परभणीकडची बोली अजून त्या मानाने कमी ऐकू येते. ‘काय करतोस’ हे परभणी जिल्ह्यातल्याच वालूर गावाकडे ‘काय करायलास’ होते, एक अक्षर वाढते आणि ठोका ‘रा’वर सहज बसतो, प्रमाण भाषेच्या भीतीने हा ठेका दवडणे म्हणजे मोठे नुकसान आहे. सोयाबीन-कापसाचा भाव, पाण्याची ओढ, गावची वळत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव, हा ऐवज तिथे हाताशी आहे. वालूरच्या मुलामुलींनी मुंबईची नक्कल न करता, घरात जसे बोलले जाते तसेच ठेक्यावर बोलून पाहावे.