मालकाचा माल, आमचा पहारा

24 जून 2024, काष्टी

यूपीएसचे पहिले ट्रेलर आज दुपारी दौंडचा भीमेवरचा पूल ओलांडून इथे पोहोचले. डेटा सेंटरचे काम पिंपरी-चिंचवडच्या बाजूला चालू आहे. पण तिथल्या इमारतीचा वरचा मजला अजून उघडा आहे आणि पाऊस सुरू झालाय, म्हणून माल इकडे. गोडाऊन पूर्वी कांद्याच्या व्यापाऱ्याकडे होते. भाडे पुण्याच्या मानाने कमी, ट्रेलर वळायला जागा, आणि मी श्रीगोंद्याचा. त्यामुळे स्टोअर माझ्याकडे आले.

यातली एकही वस्तू आमच्या कंपनीने विकत घेतलेली नाही. डेटा सेंटरच्या मालकाने परस्पर ऑर्डर दिली आणि पैसेही त्यानेच भरले. आम्ही कंत्राटदार. उतरवून घ्यायचे, सांभाळायचे, वेळ आली की बसवायचे. साइटवर याला फ्री इश्यू म्हणतात. 2021 च्या चिप-टंचाईपासून पॅनेल, यूपीएस, ट्रान्सफॉर्मर यांची वाट महिनोन् महिने पाहावी लागते. त्यामुळे मोठे मालक कंत्राटदार नेमण्याआधीच यंत्रे बुक करून ठेवतात. त्यात गैर काही नाही. अडचण होते ती यंत्रे इमारतीआधी तयार झाली की.

एका खोक्यावरचा टिल्ट इंडिकेटर लाल झालेला. म्हणजे वाटेत कुठेतरी ते कलंडले होते. ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, सही द्या, मला रात्रीत चाकण गाठायचंय.” सही दिली, पण एलआरच्या, म्हणजे मालपावतीच्या, प्रत्येक प्रतीवर आधी लिहिले: खोक्याचा क्रमांक, इंडिकेटर लाल, आतला माल तपासलेला नाही, वेळ. खाली त्याचीही सही घेतली. गाडीची नंबरप्लेट आणि खोके एकाच फोटोत येतील असे उभे राहून फोटो काढले. कोरी सही गेली की माल धडधाकट मिळाला असे कागद बोलतो, आणि मग विमावाल्यापुढे तोंड उघडायला जागा राहत नाही.

26 जून

लाल इंडिकेटरबद्दल मालकाच्या प्रतिनिधीचे उत्तर आले: खोके आत्ता उघडू नका, बसवताना कंपनीचा इंजिनिअर येईल तेव्हा बघू.

हे मान्य करता येणार नाही. वाहतूकदाराकडून भरपाई मागायची तर 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्याप्रमाणे माल बुक झाल्यापासून 180 दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. आमची इमारत यूपीएस घेण्याजोगी व्हायला डिसेंबर उलटेल. तेव्हा खोके उघडून आत मोडतोड दिसली, तर ती ट्रेलरमधली की गोडाऊनमधली, हे कोण सांगणार? बोट आमच्याकडेच वळेल. मी फोन करून हेच सांगितले. साहेब थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “पाठवतो माणूस.”

1 जुलै, श्रीगोंदा

रात्री मामा जेवायला होते. कुकडीचा कालवा आपल्या तालुक्यात येत होता तेव्हा ते पाटबंधारे खात्याच्या स्टोअरमध्ये कारकून होते. मी दिवसभराचे सांगत होतो. ते म्हणाले, “अरे, हे तर आमचं शेड्यूल अ!”

खरेच. सरकारी बी-1 निविदेला शेड्यूल अ जोडलेले असते: खाते कंत्राटदाराला काय माल देणार, किती, कुठल्या गोदामातून, कोणत्या दराने. त्या काळी सिमेंट आणि लोखंड खातेच देई. मामांच्या वहीत दिलेले सिमेंट, कामात बसायला हवे तेवढे सिमेंट आणि शिल्लक असे रकाने असत. रिकाम्या गोण्यासुद्धा मोजून परत घ्यायच्या. हिशेबाबाहेर सिमेंट गेले तर दंडाच्या दराने वसुली. मामा म्हणाले, “गोणी फाटकी आली तर आम्ही ती उतरवायच्या आधी लिहायचो. उतरली की ती आपली.”

कोट्यवधींची यंत्रे आज ज्या करारावर हातात पडतात, त्यात मामांच्या शेड्यूलइतकी स्पष्टता नसते. हे मी जबाबदारीने लिहितो आहे.

6 जुलै, काष्टी

जनावरांच्या बाजाराचा दिवस. रस्ता टेम्पोंनी भरलेला, इंजिनिअरला स्टँडपासून चालत यावे लागले. खोके उघडले. बाहेरचा पत्रा शाबूत, रंगाला ओरखडाही नाही. टॉर्च मारून आत पाहिले, तर खालच्या खणातले दोन बोल्ट सुटून बसबारवर पडलेले आणि तांब्यावर घासल्याची चमक. हे तसेच चालू केले असते तर? त्याने जागेवरच अहवाल लिहिला, तिघांनी सह्या केल्या. दावा मालकाने करायचा, कारण वाहतुकीचा विमा त्याचा.

17 जुलै

आषाढी. गोडाऊनला सुट्टी, तरी बॅटऱ्यांसाठी आलो.

बॅटऱ्या मेमध्येच आल्या आहेत. सीलबंद शिसे-आम्लाच्या, 12 व्होल्टच्या. लेबलवर उत्पादनाचा महिना मार्च. या बॅटऱ्या नुसत्या पडून राहिल्या तरी हळूहळू उतरतात. साधारण 25 अंशांत ठेवल्या तर सहा महिन्यांच्या आत पुन्हा चार्ज द्यायचा असतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की ही मुदत जवळपास निम्मी होते. आमच्यावर पत्र्याचे छप्पर, आणि मे महिना नगर जिल्ह्यातला. म्हणजे सहा महिन्यांचा हिशेब इथे लागूच नाही.

मल्टिमीटर घेऊन पॅलेटमागून पॅलेट मोजत गेलो. 12.74, 12.71, 12.69. छपराच्या उतरत्या बाजूला, जिथे उष्णता साठते, तिथल्या रांगेत 12.61, 12.58, 12.57. बारा पूर्णांक सहाच्या खाली गेली की चार्ज लांबवायचा नाही. शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसते आणि बॅटरीची क्षमता पुरती परत येत नाही.

चार्जर आमच्याकडे नाही. पुरवठादार म्हणतो, चार्जिंग आमच्या ऑर्डरमध्ये नाही. मालक म्हणतो, सांभाळ तुमचा. आमचे ऑफिस म्हणते, करारात चार्जिंग कुठे आहे? तिघेही आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर, आणि बॅटरी रोज थोडी उतरते आहे. आकड्यांचा तक्ता तिघांना एकाच मेलवर पाठवला.

9 ऑगस्ट

चार दिवस झड. रात्री वीज जाते. एलटी पॅनेलमधले स्पेस हीटर आम्ही बाहेरून तारा ओढून चालू ठेवले आहेत, म्हणजे आत दमट हवा जमणार नाही. वीज गेली की हीटर थंड, आणि पहाटे पत्र्याला पाणी सुटते. छोटा जनरेटर भाड्याने घेतला. ड्राय टाइप ट्रान्सफॉर्मरवरची प्लॅस्टिकची आवरणे काढून मेगरने इन्सुलेशन तपासले, रीडिंग चांगले. मुकादम रोज संध्याकाळी केबलच्या वाटांवर उंदरांच्या लेंड्या शोधतो, त्याला ते सांगावे लागत नाही.

23 ऑगस्ट, पुणे

मालकाबरोबर बैठक. करारात आमच्यासाठी एकच ओळ: माल ‘सुरक्षित ताब्यात’ ठेवावा. यात हीटर येतो का? जनरेटर? चार्ज?

1872 चा करार कायदा याबाबत पुरेसा समजूतदार आहे. दुसऱ्याचा माल ताब्यात घेणाऱ्याने, साधारण शहाणा माणूस आपल्या स्वतःच्या तशाच मालाची घेईल तेवढी काळजी घ्यावी, असे कलम 151 सांगते. माझ्या मते हीटर आणि उंदीर त्यात येतात. सहा महिन्यांसाठीचा माल वर्षभर पडून राहिला म्हणून लागणारे चार्जिंग येत नाही; तो उशिराचा खर्च आहे, सांभाळाचा नव्हे.

विम्याचा मुद्दाही निघाला. मालकाच्या मालाची किंमत आमच्या बिलात नसते. भायाना बिल्डर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सेवाकरासाठी ती धरू नये असेच ठरवले. पण बिलात नाही म्हणून ती आमच्या साइटच्या पॉलिसीतही धरलेली नव्हती. एवढे महिने हा माल आगीपासून कोणाच्या भरवशावर होता, याचे उत्तर टेबलावर कोणाकडेच नव्हते. आठवड्यात किंमत कळवून पॉलिसी वाढवायचे ठरले. चार्जिंग पुरवठादार करेल, खर्च मालकाचा.

वॉरंटीवर मात्र काही ठरले नाही. ऑर्डरमध्ये नेहमीचे कलम आहे: चालू केल्यापासून 12 महिने किंवा कारखान्यातून निघाल्यापासून 18, जे आधी संपेल ते. जूनमध्ये निघालेल्या यूपीएसची वॉरंटी डिसेंबर 2025 मध्ये संपेल, मग तो तोवर एक दिवस चालला असो वा नसो.

30 ऑगस्ट, काष्टी

चार्जरची गाडी आली. उतरत्या बाजूच्या रांगेपासून सुरुवात केली.

निविदा लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. मालक जो माल देणार त्याचे एक पान कराराला जोडा: कोणत्या तारखेला येणार, उघडून कोण पाहणार, चार्ज आणि हीटरचे पैसे कोणाचे, विमा कोणाचा, इमारत लांबली तर वॉरंटी कोण वाढवून घेणार. गोडाऊनच्या दारात ट्रेलर उभा असताना हे ठरवायला फार उशीर झालेला असतो.