गाडीचं पोट आणि आईचे गुडघे

बरेच वीकेंड असेच गेले. शनिवारी डिप्लॉयमेंट, रविवारी झोप. आज पुण्यात सकाळपासून रिपरिप चालू आहे, ऑन-कॉल दुसऱ्याच्या गळ्यात आहे, आणि खाली पार्किंगमध्ये माझी गाडी तिच्या मूळ उंचीवर उभी आहे. 'मूळ' हे मुद्दाम म्हणतोय, कारण २०२५ मध्ये आठ महिने ती तीन सेंटिमीटरनं बुटकी होती. तर आज त्या तीन सेंटिमीटरची गोष्ट.

गाडी म्हणजे रेनॉ डस्टर. त्यातली ऑल-व्हील-ड्राइव्ह, दीड लिटर डिझेल. ही भारतात २०१४ मध्ये आली. २०२० मध्ये बीएस-सिक्स आलं, रेनॉनं इथे डिझेल बंद केलं आणि ही पण गेली. म्हणजे आता मिळते ती सेकंडहॅण्डच. मी घेतली तेव्हा सत्तर हजार किलोमीटर पळालेली होती. घेण्याचं कारण एकच, गाव. आई-बाबा नांदेडला असतात, पण शेत आणि काका-काकू नांदेड आणि लातूरच्या साधारण मधोमध, हायवेपासून चार किलोमीटर आत. त्यातले पहिले अडीच किलोमीटर डांबर, उरलेला दीड किलोमीटर पांदण. उन्हाळ्यात त्या पांदणीवरून कुणाची अल्टोसुद्धा येते. पावसाळ्यात ट्रॅक्टर येतो, बैलगाडी येते, आणि माझी डस्टर यायची.

मग एवढी चांगली गाडी खाली कशाला करायची? बरोबर प्रश्न आहे. मला हा प्रश्न घरातल्या प्रत्येकानं विचारला.

खरं उत्तर असं की नांदेड-लातूर रस्ता चांगला झाला. नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, हा सगळा आता राष्ट्रीय महामार्ग ३६१. पूर्वी या रस्त्यावर खड्डा चुकवणं हेच ड्रायव्हिंग होतं. आता शंभरनं जाता येतं, आणि शंभरला लेन बदलली की माझी गाडी आधी एकीकडे झुकायची, मग जरा विचार करायची, मग सरळ व्हायची. त्यात ऑफिसातल्या एकानं त्याची पोलो खाली करून घेतली होती. तिच्यात बसून लोणावळ्याला जाऊन आलो आणि डोक्यात किडा शिरला.

घरी मात्र मी वेगळंच उत्तर दिलं. २०२४ मध्ये आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सांधा बदलला. डस्टरमध्ये चढताना तिला त्रास व्हायचा. दाराचा वरचा दांडा धरून, "अगं माय" म्हणत ती कशीबशी आत यायची. मी म्हटलं, "आई, गाडी जराशी खाली करून घेतो. तुला चढायला सोपं जाईल." आईला बरं वाटलं. मला तर फारच बरं वाटलं. हौसेला इतकं पवित्र कारण रोज रोज सापडत नाही :)

आता थोडं इंजिनिअरिंग. कंटाळा आला तर एक परिच्छेद सोडा.

गाडी खाली करायची म्हणजे मूळ स्प्रिंग काढून आखूड आणि कडक स्प्रिंग टाकायची. कडक का, तर चाकाला वर यायला जी जागा असते ती आता कमी झालेली असते. समजा ती जागा आधी ८० मिलिमीटर होती आणि गाडी ३० नं खाली आली. उरली ५०. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा ही दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे तोच खड्डा ८० ऐवजी ५० मध्ये पचवायचा तर स्प्रिंग अडीचपट कडक हवी. इतकी कडक कुणीच टाकत नाही, कंबर मोडेल. माझी स्प्रिंग विकणाऱ्याच्या म्हणण्यानुसार पाऊणपट नाही, अर्धीपट नाही, फक्त पावपट जास्त कडक होती. म्हणजे उरलेला हिशोब कोण भागवणार? आतला रबराचा ठोकळा, ज्याला बंप स्टॉप म्हणतात तो. आणि तो ठोकळा संपला की तुमचा मणका.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही जानेवारी २०२५ मध्ये मी स्प्रिंगा टाकल्या. ऑल-व्हील-ड्राइव्ह डस्टरचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर. माझा हिशोब असा की ३० गेले तरी १८० उरतात, आणि इतक्यावर लोकांच्या हॅचबॅक सुखानं पळतात. शिवाय चारही चाकांना ताकद आहेच की.

आमच्या विष्णुपुरीच्या कॉलेजातला रूममेट मिनेसोटात असतो. त्याच्याकडे सुबारू आहे, तीही ऑल-व्हील-ड्राइव्ह, तीही खाली केलेली. त्याला मी मोठ्या उत्साहानं फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "छान. मी माझी नोव्हेंबरमध्ये परत वर करतो." त्याचं सस्पेन्शन आट्यांचं आहे, कॉलर फिरवली की गाडी वर-खाली होते. तिकडे बर्फ काढणारा ट्रक रस्ता साफ करतो आणि जाता जाता प्रत्येकाच्या दारासमोर बर्फाचा बांध घालून जातो. रात्रीतून त्याचा दगड होतो. सकाळी त्यावर पोट टेकलं की चारही चाकं जागच्या जागी फिरतात. मी लिहिलं, "आपल्याकडे कुठे बर्फ?" तो म्हणाला, "काळी माती विसरलास का बे?"

विसरलो होतो.

पहिले पाच महिने मस्त गेले. हायवेला गाडी रुळावर असल्यासारखी. त्रास फक्त स्पीड ब्रेकरचा. त्याचंही गणित केलं (सवय!). इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात स्पीड ब्रेकर ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. डस्टरच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.६७ मीटर अंतर. म्हणजे गाडी मधोमध आली की चाकंही त्याच उंचवट्यावर असतात आणि पोटाखालची फक्त सव्वापाच सेंटिमीटर जागा जाते. मानकाप्रमाणे बांधला तर खाली केलेली गाडीसुद्धा आरामात जाते. पण आपल्याकडे गावाच्या तोंडाशी जो असतो तो कुणीतरी रात्रीतून सिमेंट ओतून केलेला, वीतभर उंच आणि हातभर रुंद. तिथे चाकं खाली उतरलेली असतात आणि पोट बरोबर वर. वीतभर उंची म्हणजे वीतभर जागा गेली. अशा दोन ठिकाणी मी तिरका जायला शिकलो. आई मागून विचारायची, "असा खेकड्यासारखा कामून चालवालास?"

मग पावसाळा आला. २०२५ चा पावसाळा मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात पुरानं माणसं गेली. आमच्या गावाला पूर नव्हता, पण पांदण मात्र पार बसली होती. आम्ही महालक्ष्म्यांना गावी गेलो तेव्हा दोन दिवस उघडीप होती, रस्ता वरून सुकला होता. तिरका-तारका घालत पोचलो.

जेवणाच्या दिवशी दुपारी पुन्हा पाऊस लागला. आई सकाळपासून उभीच, कितीही सांगितलं तरी. संध्याकाळी बघतो तर ऑपरेशनचा गुडघा सुजून टम्म, गरम, आणि अंगात ताप. लातूरच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, बदललेल्या सांध्याला सूज आणि ताप दोन्ही आहेत, इन्फेक्शन नाही हे बघायला हवं, उद्यावर ढकलू नका, आत्ता या.

गाडीत मी, बाबा, आई, काकू आणि सामान. नॉब फिरवून 'लॉक'वर टाकला, म्हणजे पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलना ताकद. पांदणीत ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या आणि मधे मातीचा वरंबा. मी एक चाक चाकोरीच्या बाहेर, वरंब्यावर ठेवून चाललो होतो. निम्म्यात ते चाक घसरलं आणि गाडी सबंध चाकोरीत उतरली. खालून 'खर्रर्र' असा लांब आवाज आला आणि थांबला.

अ‍ॅक्सिलरेटर दाबला. चारही चाकं फिरली. गाडी तसूभर हलली नाही.

तेव्हा मला ऑल-व्हील-ड्राइव्ह म्हणजे काय ते खऱ्या अर्थानं कळलं. इंजिन ताकद चाकापर्यंत पोचवतं. चाकापासून रस्त्यापर्यंत ती पोचते चाकावरच्या वजनामुळे. पोट वरंब्यावर टेकलं की गाडीचं वजन वरंबा उचलतो. मग चार चाकं फिरोत नाहीतर चौदा. त्यातून आपली काळी माती म्हणजे बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट पाणी पिऊन फुगतं. ती टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत, जसा काही गुळाच्या पाकात बुडवलेला. मी जितकं फिरवलं तितकी चाकं खाली गेली आणि पोट अजून घट्ट बसलं.

मागच्या सीटवर आई काही बोलत नव्हती. हे जास्त वाईट होतं.

चुलतभावाला फोन केला. दादा ट्रॅक्टर घेऊन आला, अंधारात चिखलात आडवा झोपून साखळी लावली, गाडी ओढून डांबरापर्यंत आणून दिली. दीड तास गेला. दादा एवढंच म्हणाला, "गेल्या साली हीच गाडी इथून निघाली होती ना रे?" मी काहीच बोललो नाही. निघाली होती, काही न टेकता. तेव्हा २१० होते.

लातूरला पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा. सुईनं गुडघ्यातलं पाणी काढलं, तपासायला पाठवलं. इन्फेक्शन नव्हतं. दिवसभर उभं राहिल्यानं सूज, आणि ताप दुसराच, व्हायरल. म्हणजे त्या दीड तासानं काही बिघडलं नाही. पण 'बिघडलं नाही' हे आपल्याला नंतर कळतं. त्या दीड तासात माहीत नव्हतं.

पुण्याला परत आल्यावर एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी उचलून बघितली. इंजिनखालची पत्र्याची प्लेट वाकली होती, बाकी वाचलं होतं. त्यांनी मला एक साधा प्रश्न विचारला, "साहेब, स्प्रिंगा बदलल्या तेव्हा शॉक अ‍ॅब्सॉर्बर किती जुने होते?" मी म्हटलं, मूळचेच. ते हसले. सत्तर हजार किलोमीटरचे थकलेले शॉक आणि पुढच्या स्टॅबिलायझरच्या झिजलेल्या लिंका, गाडी झुकत होती ती यांच्यामुळे! उंचीचा दोष थोडा, म्हातारपणाचा जास्त. उलट पुढची आर्म खाली केल्यावर अशी कलते की रोल सेंटर गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं, आणि झुकवणारा दांडा लांब होतो. ते फक्त कडक स्प्रिंगमुळे जाणवत नव्हतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच करतो. मेमरी लीक शोधायची सोडून रोज रात्री सर्व्हर रिस्टार्ट करायचा.

मूळ स्प्रिंगा मी टाकल्या नव्हत्या, हे एक शहाणपण. त्या परत बसवल्या, शॉक आणि लिंका नव्या, व्हील अलाइनमेंट, हेडलाइटचा कोन नीट. आता शंभरला लेन बदलली की गाडी अजूनही थोडी झुकते, पण विचार करत बसत नाही.

कुणाला तरीही करायचंच असेल तर माझ्या अनुभवाचं थोडक्यात सांगतो. वीस मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका. स्प्रिंग आणि शॉक एकमेकांना जुळणारे, एकत्रच घ्या. जमलं तर वर-खाली करता येणारं घ्या आणि जून ते ऑक्टोबर गाडी वर ठेवा, मिनेसोटावाल्यासारखी. खालची प्लेट काढू नका. मोजमाप गाडी रिकामी असताना नको, घरची सगळी माणसं बसवून करा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा आणि विमा कंपनीला लेखी विचारा, नंतर क्लेमच्या वेळी वाद नको. आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी खाली असो की वर, थांबा. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्यांना उचलून नेतं, तिथे चार चाकांची ताकद कामाची नाही.

राहता राहिले आईचे गुडघे. एकदा टेप घेऊन बसलो. तिला हवा होता सहा इंचांचा फरक. मी दिला होता सव्वा इंच. म्हणजे ज्या कारणासाठी गाडी खाली केली असं मी सगळ्यांना सांगत होतो, त्याला त्याचा काहीच उपयोग नव्हता, आणि हे टेपनं पाच मिनिटांत कळलं असतं. मोजलंच नाही, कारण मोजायचं नव्हतं.

नांदेडच्या सुताराकडून सागवानी पाट करून घेतला, सहा इंच उंच, वर रबराची चटई, बाजूला उचलायला दोरी. साडेचारशे रुपये. दार उघडलं की पाट खाली, आई त्यावर, मग आत, मग पाट डिकीत. दिवाळीला पहिल्यांदा वापरला. आई चढली, नीट बसली, साडी सावरली आणि म्हणाली, "हे आधीच केलं असतं तर?"

मी म्हटलं, "सुचलं नाही गं."

बाबा पुढच्या सीटवरून आरशात माझ्याकडे बघत होते. ते काही म्हणाले नाहीत. मी गाडी गिअरमध्ये टाकली.