मातीचा रंग

झाडांनाही माणसांसारखा स्वभाव असतो, असे जुने बागप्रेमी म्हणत. हायड्रेंजियाच्या सहवासात काही वर्षे काढल्यावर या म्हणण्यास आम्ही एक पुस्ती जोडू इच्छितो : काही झाडांचा स्वभाव त्यांचा असतो, रंग मात्र मातीचा.

शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर आम्ही उभयता उटीस गेलो होतो. सुमारे २,२४० मीटर उंचीवरील त्या गावी कुंपणाकुंपणाशी निळ्या फुलांचे गेंद डोलत होते. एका माळीबुवांनी दिलेल्या चार काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आम्ही इंदुरास आणल्या. त्यांतील दोन रुजल्या. दुसऱ्या वर्षी फाल्गुनाच्या अखेरीस फुले आली ती चक्क गुलाबी! माळ्याने फसवले, असा निकाल शेजाऱ्यांनी दिला. माळीबुवा निर्दोष होते. निलगिरीची माती आम्लधर्मी. तीत ॲल्युमिनियम विरघळून मुळांस मिळते आणि फुलातील रंगद्रव्याशी त्याचा संयोग होऊन निळाई उमटते. आमच्या माळव्याच्या काळ्या, चुनखडीच्या मातीत ॲल्युमिनियम नसते असे नाही, पण ते बद्ध असते, झाडाच्या हाती लागत नाही.

हे झाड मूळचे जपानचे. तेथे ते ऐन पावसाळ्यात फुलते. ओलावा आणि सौम्य सावली त्याच्या पिंडातच आहे. इंदूरचा वैशाख त्याला मानवणार कसा? आम्ही कुंडी पूर्वेच्या ओसरीत ठेवतो. सकाळचे दोन-तीन तास ऊन पुरे. दुपारी पाने माना टाकतात, तेव्हा घाबरून तांब्यावर तांबे पाणी ओतू नये. आधी बोटाने माती चाचपावी. ती ओली असेल, तर पाने संध्याकाळी आपोआप सावरतात. पाण्याच्या अतिरेकाने मुळे कुजतात. वर पालापाचोळ्याचे आच्छादन असावे. छाटणी फुले ओसरताच उरकावी, कारण पुढल्या बहराच्या कळ्या थंडीच्या तोंडावर जुन्या फांद्यांच्या टोकांशी धरतात. दिवाळीनंतर कात्री चालवली की त्या वर्षीचा बहर गेलाच.

फटकडीचे सौम्य पाणी दिले, साठवलेले पावसाचे पाणी वापरले आणि सुपर फॉस्फेट टाळले, तर निळा रंग काही अंशी परत आणता येतो. एका कुंडीवर आम्ही तो प्रयोग केला. फुले जांभळट झाली. सौ. काही दिवस ती पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, पुरे आता. त्याला इथलं होऊ द्या ना."

हे वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. होळकरांच्या अमदानीत आमचे पूर्वज इकडे आले. आमच्या मराठीतील हिंदी वळणावर पुण्याचे आप्त हसतात. अशुद्ध म्हणून दुरुस्तही करतात. त्यांच्या दुरुस्त्यांत थोडी फटकडीच असते, असे आता वाटते.

आमची कन्या अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असते. तेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली पंचवीस अंशांपर्यंत उतरतो. जपानी जातीच्या कळ्या त्या थंडीत जळून जातात. म्हणून तिने 'ॲनाबेल' लावली आहे. ही मूळची अमेरिकेचीच जात. ती त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर फुलते, त्यामुळे हिवाळ्याच्या अखेरीस जमिनीलगत छाटली तरी बिघडत नाही. तिची फुले मात्र कोणत्याही मातीत पांढरीच. आमची नात दूरध्वनीवर मराठी बोलते. 'ती आला' म्हणते. पूर्वी आम्ही लगेच टोकत असू. त्यामुळे ती मधेच थांबे आणि इंग्रजीत शिरे. आता टोकत नाही. ती अधिक बोलते, आणि चुका आपोआप कमी होऊ लागल्या आहेत.

येत्या दिवाळीनंतर आमचे जुने घर पाडले जाईल. त्या जागी सदनिका उभ्या राहतील. आमच्या वाट्यास येणारी पश्चिमेची आहे; तिच्या गच्चीत मे महिन्याचे ऊन हे झाड सोसणार नाही. पूर्वेची ओसरी आम्हांस कोणी बांधून देणार नाही, हे उघड आहे. म्हणून या पावसाळ्यात आम्ही काड्या लावल्या. त्यांतील नऊ रुजल्या, आणि त्या नऊही आम्ही नात्यातल्या व ओळखीच्या घरी देऊन टाकल्या. प्रत्येक कुंडीसोबत एक चिठ्ठी आहे : सकाळचे ऊन, दुपारची सावली, दिवाळीनंतर कात्री नको, गुरांच्या तोंडी पाने लागू देऊ नयेत. एका वहिनींनी विचारले, "फूल कोणत्या रंगाचं येईल?" चिठ्ठीत आम्ही तेवढे लिहिलेले नाही.