तांब्यावरचा क्रोम

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कठीणपणा मोजायला दाबलेल्या डायमंडचा ठसा पुन्हा लख्ख दिसू लागला, पण तोवर मायक्रोस्कोपचं आयपीस माझ्या हातून गेलं होतं. परळच्या आमच्या लॅबमध्ये आता हाताखालची मुलगी कॅमेऱ्यावर मोजते. ‘‘काका, ६.१ येतंय.’’ त्याच ठशाला मला ५.६ मायक्रॉन आले होते.

अर्ध्या मायक्रॉनसाठी एवढं का भांडावं? कापड छापायच्या तांब्याच्या रोलरवर क्रोम चढवतात. जाड चढवला तर कोरलेली नक्षीच बुजते. थर ८ मायक्रॉनचा धरा. डायमंड त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा खोल जायला नको, म्हणजे ०.८. व्हिकर्सच्या चौकोनी ठशाचा कर्ण खोलीच्या सातपट, ५.६. लोड जेमतेम १५ ग्रॅम. तिथे ५.६ चे ६.१ वाचले की ९०० कठीणपणाचा क्रोम ७६० वर येतो. लोड वाढवला तर ठसा मोठा होतो, वाचायला सोपा. पण मग आपण तांबंच मोजत बसतो. गादीवर पापड ठेवून बोटाने दाबावा, तसा थर खचतो आणि तडकतो. खरं तर मऊ बेसवर दहाव्या हिश्शाचा नियमही पुरत नाही. तांबं त्याआधीच दबायला लागतं.

१९३९ मध्ये अमेरिकेत निघालेला नूपचा डायमंड इथे बरा. त्याचा लांब कर्ण खोलीच्या तीसपट, म्हणजे तेवढ्याच खोलीला २४ मायक्रॉन. पण गिऱ्हाइकाला व्हिकर्सच हवा असतो. नॅनोइंडेंटेशनवाले तर ठशाकडे बघतच नाहीत. १९९२ ची ऑलिव्हर-फारची रीत, खोलीवरून क्षेत्रफळ काढायची. मऊ धातू कडेला फुगून वर आला की क्षेत्रफळ कमी धरलं जातं आणि कठीणपणा फुकटात वाढतो. रिपोर्ट मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत!

गिरण्या चालू होत्या तेव्हा प्रिंटिंग खात्यातले लोक रोलरबरोबर क्रोमच्या टाकीत सोडलेली पट्टी घेऊन यायचे, दुसऱ्याचा रिपोर्ट बाजूला सारून म्हणायचे, ‘‘तुम्ही बघा.’’ १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पट्ट्या आटल्या. त्या दोन शब्दांची नशा मात्र उतरली नाही. माझं रीडिंग झालं की मी दुसऱ्या कुणाला आयपीसला डोळा लावू देत नसे. फोकस हलेल म्हणायचो. उजेडाची तरंगलांबीच अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते, त्याखाली कुणाच्याच डोळ्याला खात्रीचं दिसत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्या मुलीच्या कॅमेऱ्यालाही दिसत नाही, एवढंच समाधान.

अजूनही रिपोर्ट येतात, नुसतंच ‘९०० एचव्ही’. ना लोड, ना थराची जाडी. असा कागद हातात पडला तर बिल चुकतं करू नका, आधी तो परत पाठवा.